पृथ्वी सोडताना : विज्ञानकथेतील उद्याचे समाज आणि अंतराळातील स्थलांतर

पृथ्वीवरील माणसाने एके दिवशी आपले घरदार आवरून दुसऱ्या ग्रहावर बिऱ्हाड करावे, ही कल्पना विज्ञानसाहित्यात शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. आरंभी ती निव्वळ साहसाची होती. पुढे ती भयाची झाली आणि अलीकडे योजनेची भाषा बोलू लागली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. जून २०२५मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर जाऊन पोहोचले. २०३५पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारावे आणि २०४०पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवावा, असे उद्दिष्ट भारताने जाहीर केले आहे. जे काल कादंबरीत होते ते आज अंदाजपत्रकात दिसू लागले आहे.

अशा वेळी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. अंतराळात कसे जायचे, याचा विचार अभियंते करीत आहेत. परंतु कोणी जायचे, कोणी मागे राहायचे आणि तेथे गेल्यावर कोणाच्या सत्तेखाली नांदायचे, याचा विचार कोणी केला आहे? या प्रश्नांना सर्वांत आधी आणि सर्वांत सविस्तर भिडली ती विज्ञानकथा. तिने काय सांगितले, मराठी विज्ञानकथेने त्यात कोणती वाट धरली आणि आपल्या या छोट्या प्रदेशातील वाचकाला त्यातून काय घेता येईल, याचा हा परामर्श.

पुराणांतील पूर्वखुणा

अंतराळातील वसतीची कल्पना आपल्याला परकी नाही. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात त्रिशंकू राजाची कथा येते. त्याला सदेह स्वर्गात जायचे होते. विश्वामित्रांनी तपोबलाने त्याला वर पाठविले, इंद्राने खाली ढकलले आणि तो मध्येच उलटा लटकत राहिला. तेव्हा विश्वामित्रांनी दक्षिण आकाशात त्याच्यासाठी नवी नक्षत्रे निर्माण केली. ही ‘प्रतिसृष्टी’ म्हणजे मूळ सृष्टीने नाकारलेल्या माणसासाठी रचलेले पर्यायी जग होय. आजही ज्याचे धड इकडे ना तिकडे, त्याला मराठीत त्रिशंकूच म्हणतात. परदेशी गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीला याहून नेमका शब्द नाही.

दुसरी कथा त्रिपुराची. मयासुराने तारकासुराच्या पुत्रांसाठी सोने, रुपे आणि लोखंड यांची तीन नगरे बांधली. त्यांतील सोन्याचे स्वर्गात, रुप्याचे अंतरिक्षात आणि लोखंडाचे पृथ्वीवर होते. संपत्तीच्या उतरंडीनुसार उंची ठरावी, हे या कथेतील सूक्ष्म निरीक्षण आधुनिक विज्ञानकथेने पुन्हा पुन्हा वापरले आहे. तिसरी कथा मनू आणि मत्स्याची. प्रलयात एक नौका तरते आणि पुराणांतील रूपांप्रमाणे तिच्यात सप्तर्षी आणि बीजे असतात. त्या नौकेत कोण होते हे कथा सांगते; कोण नव्हते हे सांगत नाही. ती न सांगितलेली बाजू मांडण्याचे काम विज्ञानकथेने अंगावर घेतले.

मराठीतील आरंभ

मराठी वाचकाला अंतराळप्रवासाची पहिली ओळख महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मासिकाने करून दिली, ही बाब महाराष्ट्राबाहेर मराठी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना सुखावणारी आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनमधून सुरू केलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० सालाच्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद प्रसिद्ध झाला. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ची. पुढील काही वर्षांत श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा आरंभ म्हणून तिचा उल्लेख केला जातो. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले आणि विज्ञान मराठीतून वाचण्याची सवय एका पिढीला लागली. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठी अशा काही रसाळ मराठीत आणल्या की ‘चंद्रावर स्वारी’ हे नाव कित्येकांच्या बालपणाचा भाग होऊन बसले.

खरा बहर आला तो १९७०नंतर. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. ती कथा जयंत विष्णू नारळीकर यांची होती. नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लिहून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या साहित्यप्रकाराची दखल घेतली आणि विज्ञानकथेला वाङ्मयाच्या मुख्य दालनात प्रवेश मिळाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण साधू अशी लेखकांची फळी उभी राहिली. दिवाळी अंकांनी तिला दरवर्षी व्यासपीठ दिले. फोंडके यांनी संपादित केलेल्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ या १९९३च्या संग्रहामुळे यांपैकी काही कथा इंग्रजीतून देशभर पोहोचल्या. नारळीकर २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि या प्रकाराला मिळालेली मान्यता पुरती शिक्कामोर्तब झाली. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

घर न सोडणारी कथा

मराठी विज्ञानकथांच्या शीर्षकांवरून नजर फिरवली तरी एक गोष्ट ध्यानात येते. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’ ही नारळीकरांची पुस्तके. जावडेकरांचे ‘वामनाचे चौथे पाऊल’. लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांचे ‘देवांसि जिवे मारिले’. विज्ञान नवे, पण शब्द पुराणातले. परक्या वाटणाऱ्या कल्पनेला ओळखीचे नाव देऊन घरात घ्यायचे, ही या लेखकांची रीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मराठीतील गाजलेल्या विज्ञानकथांत पृथ्वी सोडून जाणारा माणूस क्वचितच केंद्रस्थानी असतो. पाहुणा बहुधा बाहेरून आपल्याकडे येतो किंवा संकट पृथ्वीवर कोसळते आणि ते येथेच निवारले जाते. ‘प्रेषित’मध्ये परग्रहाचा दूत पृथ्वीवर येतो. ‘धूमकेतू’मध्ये एका हौशी आकाशनिरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते. तेव्हा माणसे पळून जात नाहीत. शास्त्रज्ञ त्याची वाट बदलण्याच्या मागे लागतात आणि त्याच वेळी घरात शांतियज्ञ चालू असतो. ‘वामन परत न आला’मध्ये भूगर्भात गाडलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्या ज्ञानातून घडविलेला यंत्रमानव पुढे माणसावरच उलटण्याची चिन्हे दिसू लागतात. संकट तंत्रज्ञानाचे असले तरी रणभूमी पृथ्वीच राहते.

‘हिमप्रलय’ ही कथा या दृष्टीने विशेष वाचनीय आहे. मुंबईत बर्फ पडू लागते, उत्तरेकडील देश गोठत जातात आणि माणसे विषुववृत्ताच्या दिशेने सरकू लागतात. स्थलांतर येथेही आहे, पण ते पृथ्वीच्या एका भागातून दुसऱ्या भागात होते. ज्यांच्या हाती पैसा आणि आगाऊ माहिती आहे, ते आधी निघतात. शास्त्रज्ञाचा इशारा वेळेवर न ऐकल्याची किंमत सर्वांनी मोजायची असते. हवामानबदल हा शब्द घरोघरी पोहोचण्यापूर्वी लिहिलेली ही कथा आज वाचली, तर तिचा गाभा विज्ञानाइतकाच समाजशास्त्राचा आहे हे जाणवते.

मराठी कथेने घर का सोडले नाही? याची काही कारणे सांगता येतात. पहिले कारण तिच्या हेतूत आहे. विज्ञान परिषदेच्या अंगणात वाढलेली ही कथा प्रबोधनाची होती. अंधश्रद्धा दूर व्हावी आणि वैज्ञानिक दृष्टी रुजावी, या ध्येयासाठी येथील, आजचा समाजच कथेत असणे आवश्यक होते. दुसरे कारण तिच्या आकारात आहे. दिवाळी अंकातील दहा-बारा पानांत एक कल्पना आणि एक कलाटणी बसते. एका ग्रहाचा नवा समाज, त्याचे कायदे, शेती, नातीगोती उभी करायला कादंबरीचा पैस लागतो. तिसरे कारण काळात आहे. १९७०च्या दशकात मराठी मध्यमवर्गातील हुशार मुले अमेरिकेकडे निघाली होती आणि बुद्धिवंतांच्या परदेशगमनावर वाद झडत होते. नारळीकर स्वतः केंब्रिज सोडून १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. परत येणाऱ्याने लिहिलेली कथा घरावर खिळून राहावी, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

यात एक उणीवही आहे. निघून जाणाऱ्याचे दुःख, नव्या भूमीवरील पहिल्या पिढीची ओढाताण, तेथे जन्मलेल्या मुलांचे परकेपण या गोष्टी मराठी साहित्याने अमेरिकेच्या संदर्भात भरपूर लिहिल्या. मंगळाच्या संदर्भात मात्र त्या अजून लिहायच्या राहिल्या आहेत.

बाहेरच्या जगातील वाटा

पाश्चात्त्य विज्ञानसाहित्यात स्थलांतराची कारणे सामान्यतः चार दिसतात : जगणे, जागा, स्वातंत्र्य आणि लोभ.

जगण्यासाठी स्थलांतर हा विषय ओलाफ स्टेपलडनने १९३०च्या ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’मध्ये अफाट आवाक्यात हाताळला. दोन अब्ज वर्षांच्या या इतिहासात अठरा मानवजाती येतात. चंद्र पृथ्वीवर कोसळणार म्हणून माणूस शुक्रावर जातो आणि त्यासाठी तेथील मूळ जीवांचा नायनाट करतो. आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्याचे घर मोडण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून या साहित्याची पाठ सोडीत नाही. १९५०च्या ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’मध्ये रे ब्रॅडबरीने तो अधिक जवळून विचारला. पृथ्वीवरील माणसांनी आणलेल्या कांजिण्यांनी मंगळवासी मरून जातात. युरोपीय जहाजांबरोबर अमेरिकेत पोहोचलेल्या साथींची ही उघड आठवण आहे.

जागेसाठी स्थलांतराचे सर्वांत तपशीलवार चित्र आयझॅक असिमोव्हच्या १९५४च्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’मध्ये सापडते. पृथ्वीवरील आठ अब्ज माणसे पोलादी छताखालच्या प्रचंड नगरांत दाटीने राहतात. अन्न, स्नानगृह, बसण्याची जागा, सारे दर्जानुसार वाटून दिलेले असते. उघड्या आकाशाची त्यांना भीती वाटते. उलट, पूर्वी बाहेर गेलेल्यांचे वंशज पन्नास ग्रहांवर यंत्रमानवांच्या सेवेत, दीर्घायुषी आणि विरळ वस्तीने राहतात. पृथ्वीवरील नातलगांना ते दारात उभे करीत नाहीत. आधी पोहोचलेल्याने मागून येणाऱ्यासाठी दार लावून घ्यावे, हा अनुभव शहरांकडे येणाऱ्या प्रत्येक स्थलांतरिताच्या परिचयाचा आहे. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२मध्ये खरोखरच आठ अब्जांवर गेली. पोलादी छताची मात्र गरज पडली नाही.

स्वातंत्र्यासाठी निघालेल्यांची कथा अर्सुला ल ग्विनने १९७४च्या ‘द डिस्पझेस्ड’मध्ये सांगितली. एका समृद्ध ग्रहावरील बंडखोरांना त्याच्या ओसाड चंद्रावर जाऊन राहण्याची मुभा मिळते. तेथे ते सरकार आणि खाजगी मालमत्ता यांवाचून समाज रचतात. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्या समाजात न लिहिलेले नियम, न दिसणारे अधिकारी आणि शेजाऱ्यांच्या मताचा धाक निर्माण झालेला असतो. नवी भूमी मिळाली म्हणून जुने दोष मागे राहत नाहीत, हे या कादंबरीचे सार सांगता येईल. दुष्काळात धान्य वाटण्याची वेळ येते तेव्हा तिच्यातील तत्त्वज्ञान कसाला लागते आणि म्हणूनच ती केवळ चर्चानाट्य होत नाही.

लोभाची कथा वेगळी सांगण्याचे कारण नाही. ती या तिन्हींच्या पोटात दडलेली असते.

अलीकडच्या काळात दोन कादंबऱ्यांनी या विषयाला वळण दिले. चिनी लेखक लिऊ त्सीशिन यांच्या २०००मधील ‘द वाँडरिंग अर्थ’मध्ये सूर्याच्या स्फोटाच्या भयाने माणसे पृथ्वी सोडीत नाहीत. पृथ्वीलाच अजस्र इंजिने बसवून ती सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे घेऊन निघतात. मराठी कथेच्या घर न सोडण्याच्या स्वभावाशी तिचे नाते जुळते. याउलट किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या २०१५च्या ‘ऑरोरा’मध्ये सुमारे दोन हजार माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या यानातून दूरच्या ताऱ्याकडे जातात. पोहोचतात तेव्हा तेथील सूक्ष्मजीव त्यांना जगू देत नाहीत आणि त्यांतील काही जण परत फिरतात. निघण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते केव्हाच मेलेले असतात. परिणाम भोगतात ती यानात जन्मलेली, कोणी कधी न विचारलेली मुले.

मागे राहिलेल्यांची पृथ्वी

जाणाऱ्यांचा सोहळा होतो, राहणाऱ्यांची नोंद होत नाही. एच. जी. वेल्सने १८९५च्या ‘द टाइम मशीन’मध्ये स्थलांतर न दाखवताही ही फाळणी दाखवली होती. त्याच्या दूरच्या भविष्यात वर उजेडात राहणारे नाजूक एलॉय आणि खाली अंधारात यंत्रे चालविणारे मॉरलॉक अशा मानवजातीच्या दोन शाखा झालेल्या असतात. फिलिप के. डिकच्या १९६८च्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’मध्ये अणुयुद्धानंतर सरकार लोकांना ग्रहांतराचा आग्रह करते. जाणाऱ्याला चाकरीसाठी यंत्रमानव बक्षीस मिळतो. किरणोत्साराने ज्यांचे शरीर वा बुद्धी बाधित झाली आहे, त्यांना मात्र जाण्याची परवानगीच नाही. ओस पडलेल्या इमारतींत ते एकेकटे राहतात आणि प्राणी दुर्मीळ झाल्यामुळे जिवंत मेंढी पाळणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण ठरते. २०१३च्या ‘इलिझियम’ या चित्रपटात धनिक कक्षेतील उद्यानात आणि उरलेले सारे धुळीच्या पृथ्वीवर, अशी त्रिपुराचीच मांडणी पुन्हा दिसते.

या सर्व कथांत प्रवेशपरीक्षा असते : पैसा, आरोग्य, वय, कौशल्य, वंश. ती परीक्षा घेणारा कोण, हे ज्या कथेत स्पष्ट होते ती कथा मनात टिकून राहते.

गणित काय सांगते

अंतराळातील स्थलांतराने पृथ्वीवरील गर्दी कमी होईल, हे जुन्या कथांतील गृहीतक हिशेबात टिकत नाही. जगाची लोकसंख्या सध्या वर्षाला सुमारे सात कोटींनी वाढते, म्हणजे दिवसाला जवळजवळ १ लाख ९० हजारांनी. एका यानात १०० माणसे बसतात असे धरले, तरी केवळ ही वाढ बाहेर पाठविण्यासाठी रोज १,९०० याने सुटली पाहिजेत. अर्थात, गेलेले मूठभर असतील आणि राहिलेले जवळजवळ सगळे. म्हणून पृथ्वी बिघडली तरी पर्याय आहे, हे आश्वासन बहुसंख्यांसाठी पोकळ आहे.

जेथे जायचे ती जागाही घर नव्हे. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तीही बहुतांशी कार्बन डायऑक्साइड. गुरुत्वाकर्षण आपल्याकडच्या सुमारे ३८ टक्के. तेथे पोहोचायला सहा ते नऊ महिने लागतात आणि संदेश एका बाजूने पोहोचायलाच ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे. त्यामुळे मंगळावरचा माणूस पृथ्वीशी फोनवर बोलू शकणार नाही, पत्रच लिहील.

ग्रहांवर न उतरता मोकळ्या अंतराळातच नगरे बांधावीत, असा प्रस्ताव प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७६च्या ‘द हाय फ्रंटियर’मध्ये मांडला. सुमारे ३२ किलोमीटर लांब आणि साडेसहा किलोमीटर व्यासाची, स्वतःभोवती फिरून गुरुत्वाचा आभास निर्माण करणारी नळकांडी त्यांनी कल्पिली. अडचण लोखंडाची नाही, जीवसृष्टीची आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर-२’ नावाच्या काचेच्या बंदिस्त घरात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. आतील शेतीवर जगायचे आणि आतील हवाच श्वासात घ्यायची, असा प्रयोग होता. मातीतील सूक्ष्मजीवांनी प्राणवायू वापरला, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला आणि प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांपर्यंत घसरले. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. मंगळावर ‘बाहेर’ असे काही नसेल. एक एकर माती नेमकी कशी श्वास घेते, हे पुरते समजण्याआधी आपण ग्रह वसवायला निघालो आहोत, हे विज्ञानकथेने केव्हाच ओळखले होते.

वसाहत, वाट आणि आपली भूमी

अंतराळ-वसाहतीच्या राजकारणाचा एक धडा आपल्या प्रदेशाच्या इतिहासात आहे आणि तो कोणत्याही कादंबरीहून कमी विलक्षण नाही.

१७७९च्या तहानुसार पेशव्यांनी पोर्तुगिजांना काही गावांचा महसूल देऊ केला. मराठा आरमाराने त्यांच्या ‘सांताना’ या जहाजाचे नुकसान केले होते, त्याची ही भरपाई असल्याचे सांगितले जाते. १७८३मध्ये नगर हवेलीची ७२ गावे आणि १७८५मध्ये दादरा पोर्तुगिजांकडे गेले. येथील वारली, कोकणा, धोडिया शेतकऱ्याला याबाबत कोणी विचारले नाही. एका जहाजाच्या हिशेबात त्याचे गाव दुसऱ्या खंडातील राजाच्या खात्यावर जमा झाले. मंगळाची भूमी कोणी कोणास द्यावी, यावर १९६७चा बाह्य अंतराळ करार निर्बंध घालतो. कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंडावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. तो करार का हवा, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. दादरा आणि नगर हवेली ही चारही बाजूंनी परक्या भूमीने वेढलेली बेटे होती. दमणहून येथे यायचे तर मधली भूमी ओलांडावीच लागे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्व्हासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंतही उतरले होते. भारताने मधली वाट बंद केल्यावर पोर्तुगालला येथे पुन्हा पाय ठेवता आला नाही. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रे यांच्यासाठी नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. दरम्यान ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे सात वर्षे, वरिष्ठ पंचायतीने येथील कारभार चालविला.

दूरच्या राजधानीची सत्ता, तिच्यापर्यंत पोहोचणारी एकच वाट, ती वाट तुटल्यावर उघडी पडलेली सत्तेची दुर्बलता आणि मूठभर लोकांनी स्वतः चालविलेला कारभार, हे सारे घटक अंतराळ-वसाहतीच्या कादंबऱ्यांत येतात. फरक एवढाच, की मंगळावर वाट तुटली तर स्वातंत्र्याबरोबर प्राणवायूचाही प्रश्न उभा राहील.

स्थलांतराच्या दोन्ही बाजूही या प्रदेशाने पाहिल्या आहेत. दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या जलाशयाखाली येथील गावांची जमीन गेली आणि माणसांना उठावे लागले. विजेचा आणि पाण्याचा लाभ एकाला, विस्थापन दुसऱ्याला, ही विभागणी त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती. त्यानंतर कारखाने आले आणि कामाच्या शोधात देशभरातून माणसे आली. २००१च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक वाढ. मूळचा, उठवलेला आणि नव्याने आलेला, असे तिघे एकाच बसथांब्यावर उभे असतात. ज्या समाजांची विज्ञानकथा कल्पना करते, त्यांचे प्रश्न येथे रोजचे आहेत : शाळेची भाषा कोणती, जमीन कोणाची, ‘आपण’ या शब्दात कोणाकोणाला धरायचे.

पुढची कथा

विज्ञानकथेने भविष्य अचूक वर्तवावे, अशी अपेक्षा तिच्यावर लादणे योग्य नव्हे. असिमोव्हची पोलादी नगरे उभी राहिली नाहीत, नारळीकरांच्या कथेतील बर्फ मुंबईवर पडले नाही. तिचे काम निराळे आहे. निर्णय होण्यापूर्वी त्याचे परिणाम कोणत्या माणसाच्या वाट्याला येतील, ते एका नावाच्या, एका घराच्या रूपाने ती दाखवते. अहवालात ‘बाधित कुटुंबे’ असा शब्द असतो. कथेत त्या कुटुंबातील म्हातारी आपले जाते कोठे ठेवायचे, असे विचारते.

मराठी विज्ञानकथा आतापर्यंत मुख्यतः पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतून आणि बैठकीच्या खोल्यांतून लिहिली गेली. तिने पृथ्वी सोडली नाही, हा तिचा दोष कमी आणि स्वभाव अधिक. परंतु ज्या दिवशी ती निघेल, त्या दिवशी तिला उठवल्या गेलेल्या गावाची, कामासाठी आलेल्या मजुराची आणि वेढलेल्या भूमीत स्वतःचा कारभार चालवणाऱ्या पंचायतीची माहिती असणे आवश्यक आहे. ती माहिती दमणगंगेच्या काठी भरपूर आहे. येथील एखाद्या तरुण लेखकाने किंवा लेखिकेने मंगळावरचे पहिले गाव मराठीत वसवायचे ठरविले, तर त्याला लागणारे निम्मे संशोधन आपल्या आजी-आजोबांशी बोलूनच पुरे होईल.

तोवर वाचकाने कोणतीही अंतराळ-वसाहतीची कथा किंवा योजना समोर आली, की तीन प्रश्न विचारावेत. यानात बसणाऱ्यांची यादी कोणी केली? परत येण्याची वाट ठेवली आहे काय? आणि मागे राहणाऱ्यांना पृथ्वी कोणत्या अवस्थेत मिळणार आहे? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोणत्याही यानाची गरज नाही आणि ते उत्तर आपल्यापैकी बहुतेक सर्वांना लागणार आहे.